वसईचा तह आणि पोवाड्यांची वही

वसईच्या किल्ल्यात गेलो, की १७३९ चा चिमाजी अप्पांचा विजय आठवतो. मला मात्र ३१ डिसेंबर १८०२ हा दिवसही विसरता येत नाही. दुसऱ्या बाजीरावांनी येथे इंग्रजांशी तह केला. ६ हजारांची तैनाती फौज पत्करून तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पोवाडे मात्र डफ-तुणतुण्यावर गाणाऱ्यांच्या तोंडी राहिले. १८९१ मध्ये ते संग्रहरूपाने छापले, ते अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने, शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीने. जिंकणाऱ्यांच्या माणसाने हरलेल्यांची गाणी जपली. आज वसईतल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओठांवरची सामवेदी लग्नगीते उतरवून घ्यायला कोणी साहेब येणार नाही. ते काम आपलेच आहे.