दोन मैदाने, एक मन

दि. १० डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे आगमनकाळातील तिसऱ्या रविवारच्या पूर्वसंध्येला, ब्रह्मपुरीतील आमच्या छोट्या सभागृहात दूरचित्रवाणीसमोर वीस-पंचवीस माणसे बसली होती. कतार येथील विश्वचषक स्पर्धेत मोरोक्को आणि पोर्तुगाल यांचा उपान्त्यपूर्व सामना चालू होता. आमच्या या धानाच्या मुलखात फुटबॉलला फारसा मान नाही. येथे कबड्डी खेळतात, आणि धान घरी आले की झाडीपट्टीच्या नाटकांना रात्र रात्र बसतात. तरीही जमलेल्यांपैकी काही केरळातून आलेले होते, आणि केरळी माणसाला विश्वचषकाच्या महिन्यात निद्रा वर्ज्य असते. त्याच वर्षी कोझिकोड जिल्ह्यातील पुल्लावूर येथे नदीपात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांच्या प्रचंड प्रतिमा उभारल्या होत्या, हे वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिलेच असेल.

पूर्वार्ध संपत आला असता मोरोक्कोच्या एन-नेसिरीने उंच उडी घेऊन डोक्याने गोल केला. माझ्या तोंडून नकळत “अरेरे!” असा उद्गार निघाला. शेजारी बसलेल्या आमच्या वृद्ध धर्मशिक्षकांनी माझ्याकडे वळून विचारले, “फादर, तुमचा पोर्तुगालसंगं काय संबंध जी?”

त्या रात्री मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. चार शतकांहून अधिक काळ ज्यांनी माझ्या वडिलांच्या गावावर राज्य केले, त्यांचा संघ हरताना मला वाईट का वाटावे? हे उत्तर शोधायचे तर माझ्या घरापासूनच आरंभ करावा लागेल.

माझे वडील बार्देशचे, आई वसईची. मराठी मला आईकडून मिळाली आणि फुटबॉल वडिलांकडून. वडील विशीत असताना मुंबईत आले व धोबी तलाव भागातील आपल्या गावच्या ‘कुडी’त राहू लागले. तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे की, कूड म्हणजे गोमंतकीय गावकऱ्यांनी मुंबईत चालविलेले सामायिक निवासस्थान. गावागणिक वेगळी कूड, तिच्यात गावच्या पाठीराख्या संताची वेदी, भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या पत्र्याच्या पेट्या, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची रोझरी. बोटीवरचे तारवटी, स्वयंपाकी, वादक, कारकून अशी सारी मंडळी तेथे एका छपराखाली नांदत. रोझरी आटोपली की बहुतेक वेळा चर्चा फुटबॉलची असे.

गोमंतकात हा खेळ एका धर्मगुरूनेच आणला, ही गोष्ट आम्हा पाद्र्यांना थोडी सुखावणारी आहे. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे इंग्रज धर्मगुरू प्रकृतिस्वास्थ्यासाठी गोव्यात आले आणि १८८३ साली शिवोली येथे त्यांनी मुलांना चेंडू दिला, असे मानले जाते. म्हणजे पोर्तुगीज अमलाखालील मुलांनी हा खेळ इंग्रजाकडून घेतला! आपल्या निष्ठांची गुंतागुंत तेथपासूनच सुरू झाली म्हणावयाची. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा होऊ लागली. आरंभी ती गोऱ्या पलटणींची होती, पण पुढे कूपरेजच्या मैदानावर गोमंतकीय नावे नित्याची झाली.

वडिलांच्या आठवणीत सर्वांत ठळक राहिले ते १९५६ साल. त्यावेळी गोवा परका मुलूख होता. आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला होता, भारताने सीमा बंद केली होती, आणि मुंबईच्या गोमंतकीयाला आजारी आईला भेटण्यासाठीही कागदपत्रांचे सोपस्कार करावे लागत. अशा दिवसांत १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची मालिका नोंदविणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध त्यांनी आणखी एक गोल केला. तो सामना भारत ४-१ असा हरला व पुढे बल्गेरियाकडूनही पराभूत होऊन चौथा आला. परंतु चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत बसले.

नेव्हिल मूळचे बार्देशातील आसगावचे आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेले. आता विचार करा, कुडीतील त्या रात्री काय झाले असेल. वडील सांगत की सर्वजण आनंदाने ओरडले, कोणी तरी व्हायोलिन काढले, आणि मग एका वयोवृद्ध तारवट्याने शांतपणे विचारले, “पूत आमचो, पूण बावटो कोणाचो?” त्या प्रश्नावर खोलीत दोन तट पडले. काही जण भारताच्या बाजूने अभिमानाने बोलले, काहींना गावाकडील घराची काळजी होती, आणि काही नुसतेच गप्प बसले. वडील गप्प बसणाऱ्यांपैकी होते. त्यांनी हे मला सांगितले तेव्हा ते साठीच्या पुढे गेले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जकार्ता येथील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघात फॉर्च्युनातो फ्रांको होते. जन्म कोलवाळचा, बालपण मुंबईचे. १९६४ साली संतोष करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघातही ते होते, आणि त्यानंतर गोव्यात जाऊन ते साळगावकर क्लबकडून खेळले. २०२१ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. कुडीतील जुने लोक कोणाच्या बाजूने, हा प्रश्न फ्रांको यांच्या बाबतीत विचारण्यात अर्थच नव्हता, कारण ते स्वतःच दोन्ही बाजूंचे होते.

खरी पंचाईत झाली ती गोव्याचे संघ बलवान झाल्यावर. त्याआधी राजकारणाने हा पेच एकदा समोर आणलाच होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, हे ठरावयाचे होते. विलीनीकरणाचे चिन्ह फूल आणि विरोधाचे दोन पाने. दोन पानांना ३४ हजारांहून काही अधिक मतांची आघाडी मिळाली. विलीनीकरणाचे प्रमुख पुरस्कर्ते होते मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, आणि गंमत पाहा, गोव्याने आपल्या भूमीवर भरविलेला प्रतिष्ठेचा करंडक त्यांच्याच नावाचा! हे सारे आमच्या घरात वारंवार बोलले जाई. वसईची आई म्हणे, “एकत्र झाले असते तर तुमचा सामना तरी मिटला असता.” वडील हसून वर्तमानपत्र उघडीत.

टाटा, मफतलाल, ऑर्के या मुंबईच्या संघांत गोमंतकीय मुले खेळत आणि समोर धेंपो किंवा साळगावकर उभे ठाकत. कूपरेजवर वडील आपल्या कार्यालयातील मित्रांबरोबर मुंबईच्या बाजूला बसत, मुंबईसाठी टाळ्या वाजवीत आणि गोव्याने गोल केला की रुमालाने चष्मा पुसू लागत. मी लहान असताना मला वाटे की धूळ उडते म्हणून. अशी दुहेरी निष्ठा केवळ आमचीच नव्हे. कोलकात्यात १९२० साली ईस्ट बेंगॉल क्लब स्थापन झाला, तेव्हापासून पूर्व बंगालच्या घराण्यांतील माणसे पश्चिमेत राहूनही त्याच लाल-सोनेरी रंगाची राहिली आहेत. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात वसलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९८३ साली गोव्याने बंगालसह संयुक्तपणे संतोष करंडक प्रथम मिळविला. पुढील वर्षी मद्रासला पंजाबला हरवून तो एकट्याने जिंकला, आणि संपूर्ण स्पर्धेत गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर यांनी एकही गोल होऊ दिला नाही. त्या दिवशी वडिलांनी आमच्या चाळीत पेढे वाटले. खालच्या मजल्यावरील एका सद्गृहस्थांनी पेढा घेताना थोडे कुत्सितपणे म्हटले, “मग आता गोव्याला परत जाणार वाटते?” वडिलांनी त्यांना दुसरा पेढा दिला.

राहता राहिला लिस्बनचा प्रश्न. बेनफिकाने १९६१ व १९६२ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक जिंकला, आणि १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाविरुद्ध ०-३ असे मागे पडलेल्या पोर्तुगालला युझेबियो यांनी एकट्याने चार गोल करून ५-३ असा विजय मिळवून दिला. युझेबियो मोझांबिकचे, म्हणजे तेही दुसऱ्या एका वसाहतीचे पुत्र. मला वाटते, अनेक वृद्ध गोमंतकीयांना पोर्तुगालच्या संघात राज्यकर्ते दिसत नव्हते, युझेबियो दिसत होते. अर्थात सर्वांनाच हे पटणार नाही, आणि न पटणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. २०२१ च्या डिसेंबरात, मुक्तीच्या साठाव्या वर्षी, कळंगुट येथे रोनाल्डोचा पुतळा उभारला तेव्हा लोकांनी काळे बावटे दाखवले. पुतळाच हवा होता तर ब्रह्मानंद संखवाळकरांचा किंवा ब्रूनो कुतिन्हो यांचा का नको, असे त्यांनी विचारले. याबाबतीत मी निदर्शकांच्या बाजूचा आहे. टी.व्ही.समोर “अरेरे” म्हणणे वेगळे आणि गावाच्या चौकात पुतळा उभारणे वेगळे.

धर्मशिक्षकांना मी हे सर्व थोडे थोडे करून पुढील आठवड्यात सांगितले. ऐकणाऱ्यांत त्रिशूरच्या एक सिस्टर होत्या. १९९९-२००० च्या संतोष करंडकाचा अंतिम सामना त्यांच्याच शहरात झाला आणि महाराष्ट्राने केरळला हरवले, तेव्हा आपले काका दोन दिवस जेवले नव्हते, असे त्या म्हणाल्या. मला वेगळेच आठवले. त्या वेळी वडील अंथरुणाला खिळलेले होते. मी सुट्टीवर घरी गेलो होतो. महाराष्ट्राच्या विजयाची बातमी वाचून दाखविल्यावर त्यांनी खेळाडूंची नावे पुन्हा, सावकाश वाचावयास सांगितली. मी वाचीत गेलो आणि ते रोझरीचे मणी मोजावेत तसे बोटांवर काही मोजीत राहिले.