राहून गेलेला शब्द

सहलीचा बेत आखणं हे मुळात कारकुनाचं काम. कवीने आखलेली सहल घाटात चुकते आणि मॅनेजरसाहेबांनी आखलेली मीटिंगमध्येच संपते. खर्च किती, शिल्लक किती आणि शेवटी सही कोणाची, एवढं ज्याला कळतं त्यानेच या भानगडीत पडावं. म्हणून २०२३ साली गौरी-गणपतीला मेहुण्याकडे डेन्व्हरला जायचं ठरलं आणि मेहुणा फोनवर आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊजी, त्याच आठवड्यात इथे बिअरचा मोठा महोत्सव असतो," तेव्हा मी काही न बोलता आखीव कागद पुढे ओढला.

पंचांग आणि महोत्सवाचं पत्रक शेजारी शेजारी ठेवलं. २१ सप्टेंबर, गुरुवार : गौरी आवाहन. महोत्सवाचा पहिला दिवस. २२ : गौरीपूजन, पुरणपोळी. महोत्सवाचा दुसरा दिवस. २३ : विसर्जन. दोन्हीकडचं. बँकेत दोन बाजू अशा पैशाला पैसा जुळल्या की आम्ही शिपायाला भजी आणायला पाठवतो. इथे जुळलं हेच वाईट झालं.

"पण बिअर पिण्यात आखायचं काय असतं?" हिने विचारलं. "माणूस बसतो आणि पितो."

तिला आकडे सांगावे लागले. या 'ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल'मध्ये आदल्या वर्षी पाचशे ब्रुअऱ्यांच्या दोन हजारांवर बिअर होत्या. एका वेळी मिळते एक औंस, म्हणजे तीस मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. सगळ्या चाखायच्या म्हटलं तर साठ लिटर. एका खेळाचे चार तास धरले तर मिनिटाला सव्वाआठच्या वर. बी.कॉम.ला कॉस्टिंग घेतलेल्या माणसालाही हे परवडणारं नाही. तेव्हा काय सोडायचं ते आधी ठरवायला हवं, आणि त्यासाठी इतिहास वाचायला हवा. (हिला मी एवढंच सांगितलं की इतिहास वाचतोय. तिला बरं वाटलं.)

तर इतिहास असा. १८७३ साली अमेरिकेत ४,१३१ ब्रुअऱ्या होत्या. गावागणिक एक, आणि गावागणिक चव निराळी. मग दारूबंदी आली. देशात ती १९२० मध्ये आली. कोलोरॅडो हे शहाणं राज्य, त्याने चार वर्षं आधीच, १९१६ च्या पहिल्या तारखेपासून ती आणून ठेवली. डेन्व्हरजवळच्या गोल्डन गावातल्या कूर्स कंपनीने तो काळ माल्टेड मिल्क आणि चिनी मातीच्या वस्तू विकून काढला. बिअरवाल्याने दूध विकावं, यापरती शिक्षा कोणत्या कायद्यात असेल असं वाटत नाही.

१९३३ मध्ये बंदी उठली. घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बिअर करायला नाही. का नाही? तिकडे असं सांगतात की मसुदा लिहून घेणाऱ्या कारकुनाकडून 'किंवा बिअर' एवढे शब्द राहून गेले. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. खरं असो की दंतकथा, बोट दाखवायला कारकूनच सापडला ना? खाली सह्या करणाऱ्या इतक्या थोर मंडळींपैकी एकानेही कागद वाचला नव्हता काय? आमच्या खात्यात खालच्या माणसाची असली तर तिला 'क्लेरिकल एरर' म्हणतात, वरच्या माणसाची असली तर 'पॉलिसी'. ते काही असो, पुढली पंचेचाळीस वर्षं घरी बिअर करणं गुन्हा राहिला. आणि बाहेर काय उरलं होतं? मोठ्या कंपन्या लहान कंपन्यांना गिळत चालल्या, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी साऱ्या देशात शंभरसुद्धा ब्रुअऱ्या राहिल्या नाहीत. बहुतेक ठिकाणी तीच फिकट, थंडगार, मक्याची नाहीतर तांदळाची भर घातलेली बिअर.

इथे माझा घसा जरा बसतो, आणि तो बिअरने नव्हे. आमची बँकही १ एप्रिल २०२० रोजी एका मोठ्या बँकेत विलीन झाली. (तारीख मी निवडली नव्हती.) पाटी बदलली, पासबुकाचा रंग बदलला. पेन्शनला येणाऱ्या आजींना नावाने हाक मारून अंगठा कुठे उठवायचा ते दाखवणारे आमचे हेडक्लार्क दुसऱ्या जिल्ह्यात गेले. सेवा सुधारली असेलही. परिपत्रकात तसं लिहिलेलं होतं. फक्त सगळ्या शाखांची चव एक झाली.

अमेरिकेत मात्र ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्या राहून गेलेल्या शब्दांची दुरुस्ती करणाऱ्या कायद्यावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर दोनशे, विकायची नाही. दोनशे गॅलन म्हणजे रोजचे दोन लिटर. आमच्याकडे दूध दीड लिटर येतं.

त्याच वर्षी डेन्व्हरजवळच्या बोल्डर गावी चार्ली पापाझियन नावाच्या शिक्षकाने घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली. हा गृहस्थ शिकला अणुअभियांत्रिकी, शाळेत शिकवी पोरांना आणि फावल्या वेळात मोठ्यांना शिकवी बिअर. १९८१ मध्ये तो इंग्लंडमधला बिअर महोत्सव पाहायला गेला. तिथे १९७१ सालीच वैतागलेल्या चौघा पिणाऱ्यांनी जुन्या धर्तीच्या एलसाठी चळवळ सुरू केली होती, म्हणजे एका परीने ग्राहक पंचायतच. बिअरवर लिहिणारे मायकेल जॅक्सन (नाचणारे ते निराळे) यांच्याशीही त्याची बोलणी झाली. १९८२ मध्ये बोल्डरच्या एका हॉटेलात अमेरिकेतला पहिला महोत्सव भरला. वीसेक ब्रुअऱ्या आणि आठशे माणसं. आमच्या स्टाफ युनियनच्या अधिवेशनाला यापेक्षा जास्त येतात. अर्थात तिथे जेवण असतं. १९८४ मध्ये महोत्सव डेन्व्हरला हलला.

पुढे तळघरातले हे हौशी लोक धंद्यात उतरले. तेलाच्या मंदीत नोकरी गेलेल्या जॉन हिकनलूपर या भूगर्भशास्त्रज्ञाने भागीदारांबरोबर १९८८ मध्ये डेन्व्हरच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत 'विनकूप' ही ब्रुअरी काढली. २००३ मध्ये तो महापौर झाला, २०११ मध्ये गव्हर्नर आणि २०२१ मध्ये सिनेटर. आमच्या बँकेतून व्ही.आर.एस. घेतलेल्यांपैकी फार तर सोसायटीचे सेक्रेटरी झाले. आज त्या देशात नऊ हजारांवर ब्रुअऱ्या आहेत. त्यांतल्याही काही बंद पडताहेत, काही मोठ्यांनी विकत घेतल्या, हे नोंदवायला हवं. पण १८७३ चा आकडा कधीच मागे पडला.

एवढा अभ्यास झाल्यावर बेत सोपा झाला. जी बिअर विमानतळावरही मिळते ती सोडायची. मोठ्या नावांच्या टेबलाला नमस्कार करून पुढे जायचं. जिथे बनवणारा स्वतः उभा असेल तिथे थांबायचं. राहता राहिला गौरींचा प्रश्न, तो शास्त्रानेच सोडवला. शुक्रवारी संध्याकाळी मेहुण्याकडे हळदीकुंकू होतं, आणि हळदीकुंकवात पुरुषांची अडचणच होते. तसं मी हिला सुचवलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पुरणपोळी जेवून जा. उपाशीपोटी नको."

शुक्रवारी सकाळी राजभवनाच्या पायऱ्या पाहिल्या. डेन्व्हर समुद्रापासून बरोबर एक मैल उंच, याचा त्यांना फार अभिमान. ती उंची दाखवणाऱ्या खुणा तीन पायऱ्यांवर आहेत : पंधरावी, मग १९६९ च्या मोजणीने अठरावी, मग २००३ च्या मोजणीने तेरावी. जुनी नोंद खोडायची नाही, खाली नवी करायची. फार शिस्तीचं शहर. या उंचीवर चढते लवकर असं म्हणतात, म्हणून मेहुण्याने खिशात पाण्याच्या दोन बाटल्या कोंबल्या.

सभागृहात लोकांच्या गळ्यात खाऱ्या प्रेट्झेलच्या माळा होत्या. बोरन्हाणात पोरांना हलव्याचे दागिने घालतात ना, तशा. जाता-येता एक तोडायचा नि तोंडात टाकायचा. कोणाच्या हातून पेला पडला की हजारो माणसं एकदम ओरडत. एका कोपऱ्यातल्या टेबलामागच्या माणसाने तीस मिलिलिटर ओतायला पाच मिनिटं घेतली, कारण आधी त्याने गहू कुठून आणला ते सांगितलं, मग पाण्याविषयी सांगितलं, मग मी कुठून आलो ते विचारलं. मला आमचे हेडक्लार्क आठवले. बिअर जरा आंबट होती, पण मी दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिलो.

रात्री हिने विचारलं, "दोन हजारांतल्या किती झाल्या?"

मी वही पुढे केली. सव्वीस. अठराव्या नोंदीपर्यंत अक्षर ऑडिटरला दाखवण्यासारखं आहे. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "इथे नुसताच आकडा आहे. काहीतरी लिहायचं राहिलंय."

"किंवा बिअर," मी म्हटलं आणि दिवा मालवला.