आवाजाची बखर

'टॉक टू मी' हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा इंग्रजी उपशीर्षके लावून, कारण वॉशिंग्टनच्या गल्लीबोळांतली कृष्णवर्णीयांची बोली माझ्या पुस्तकी इंग्रजीच्या आवाक्यात सहज येत नाही. दुसऱ्यांदा ती बंद करून, कारण पहिल्या खेपेस एका रेडिओ-निवेदकाचे चरित्र आपण ऐकत नसून वाचत बसलो आहोत, हे फार उशिरा लक्षात आले. दुसऱ्या वेळी निम्मे शब्द निसटले, पण चित्रपट अधिक कळला असे वाटते.

केसी लेमन्स या दिग्दर्शिकेचा हा चित्रपट २००७ साली प्रदर्शित झाला. त्याचा नायक राल्फ वाल्डो ऊर्फ पीटी ग्रीन. (आईबापांनी मुलाला एमर्सनचे नाव द्यावे आणि मुलाने ते टाकून 'पीटी' म्हणून ओळखले जावे, यातच एक छोटी गोष्ट आहे.) जन्म १९३१, वॉशिंग्टनमधला. शिक्षण अर्धवट, मग सैन्य, मग दारू, आणि १९६० मध्ये दुकानावरच्या सशस्त्र दरोड्यासाठी लॉर्टनच्या तुरुंगात रवानगी. तिथे तो कैद्यांसाठी गाणी लावू लागला, गाण्यांच्या मध्ये बोलू लागला. १९६६ मध्ये तो सुटला तो एका कैद्याचा जीव वाचवल्यामुळे. उंचावर चढून जीव देण्याची धमकी देणाऱ्या त्या कैद्याला ग्रीनने बोलून बोलून खाली उतरवले. त्याला वर चढायला राजी करण्यातच खरा वेळ गेला, असे ग्रीन पुढे स्वतःच हसत सांगत असे. खरे काय, कोण जाणे! पण आपल्या आख्यायिकेत आपणच भोक पाडून ठेवणारा हा माणूस चरित्रकाराचे काम अवघड करतो, एवढे खरे.

बाहेर आल्यावर 'डब्ल्यूओएल' या रेडिओ केंद्रावर त्याला आणले ड्युई ह्यूजने. केंद्राचे श्रोते कृष्णवर्णीय, मालक गोरा. चित्रपट उभा आहे तो ग्रीन आणि ह्यूज यांच्या मैत्रीवर. डॉन चीडलचा ग्रीन बेफाम, तोंडाळ, रंगीबेरंगी कपड्यांतला; चुईटेल एजिओफरचा ह्यूज इस्त्रीच्या सुटातला, शब्द तोलून बोलणारा. दोघांची जुगलबंदी पाहण्यासारखी आहे, यात वाद नाही. परंतु पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, मायकेल जेनेट, हा ड्युई ह्यूजचा मुलगा आहे, हे कळल्यावर चित्रपटाची सगळी ठेवण एकदम स्पष्ट होते. हा ग्रीनचा चरित्रपट नव्हे. ही ह्यूज घराण्याची बखर आहे.

हा शब्द मी तुच्छतेने वापरत नाही. राजवाड्यांनी बखरींवर अविश्वास दाखवून अस्सल कागदपत्रांचा आग्रह धरला, तो इतिहासलेखनाच्या दृष्टीने योग्यच होता. पण साहित्याचे विद्यार्थी बखर वाचतात ती तिच्यातल्या आवाजासाठी, आणि ती कोणाच्या ओसरीवर बसून सांगितली गेली हे ओळखण्यासाठी. तशीच ही पाहावी. मग प्रश्न उरतो तो असा की, या ओसरीवरून काय दिसले नाही?

पहिली न दिसलेली गोष्ट म्हणजे खुद्द शहर. वॉशिंग्टन हे १९५७ च्या सुमारास कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले अमेरिकेतले पहिले मोठे शहर ठरले. पण लोकशाहीच्या या राजधानीतल्या रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता आले ते १९६४ मध्ये, २३व्या घटनादुरुस्तीनंतर. आपला महापौर निवडण्यासाठी त्यांना १९७४ उजाडावे लागले. तोवर शहराचा कारभार काँग्रेसच्या समित्यांच्या हाती होता, आणि प्रतिनिधीगृहातल्या अशा समितीचे अध्यक्षपद वर्षानुवर्षे दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन मॅकमिलन या वर्णभेदाच्या कैवाऱ्याकडे होते. ज्या शहराला नगरसभा नाही, तिथे सकाळी रेडिओवर कोणीतरी पोलिसांचे, घरमालकांचे, नोकरशाहीचे वाभाडे काढतो, लोक फोन करून त्याच्याशी भांडतात, तेव्हा त्याला करमणूक एवढेच म्हणता येणार नाही. चित्रपटात ग्रीन पहिल्याच खेपेला मोटाउन कंपनीच्या बेरी गॉर्डीला दलालाच्या पंगतीत बसवतो आणि केंद्राचे धाबे दणाणते. हे गमतीचे आहे. पण ते गमतीचेच राहते. ऐकणाऱ्यांना दुसरे व्यासपीठच नव्हते, ही बाब पडद्यावर येत नाही.

ऑगस्ट १९६७ मध्ये अटलांटा येथे निवेदकांच्या अधिवेशनात मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केले होते. कृष्णवर्णीय जनतेचे प्रमुख माध्यम वृत्तपत्र नसून रेडिओ आहे, हे त्यांनी तिथे मांडले आणि बर्मिंगहॅमच्या लढ्यात साथ देणाऱ्या 'टॉल पॉल' व्हाइटसारख्या निवेदकांचे ऋण मान्य केले. पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस कर्नर आयोगाचा अहवाल आला; देशातली वृत्तमाध्यमे गोऱ्या माणसाच्या नजरेने जग पाहतात, असा ठपका त्यात होता. आणि ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये किंग यांचा खून झाला.

इथे चित्रपट बखरीच्या बाहेर पडतो. बातमी येते तेव्हाचा स्टुडिओ, हातातला कागद, कोणालाच न सुचणारे शब्द. काचेपलीकडे शहर पेटते आहे. चार दिवसांत वॉशिंग्टनमध्ये डझनभर माणसे मेली, हजारांहून अधिक इमारतींची नासधूस झाली, सहा हजारांवर अटका झाल्या, १३ हजारांहून अधिक सैनिक रस्त्यांवर उतरले. ग्रीन माइकसमोर बसतो आणि घरी जा, असे सांगतो. वाक्ये साधी, अडखळती. गंमत अशी की, उपशीर्षके बंद केल्यावर याच प्रसंगातला शब्द न् शब्द मला कळला. चीडल इथे वेग उतरवतो. इतका वेळ शब्दांच्या फैरी झाडणारा माणूस एकेक शब्द शोधतो. लेमन्स कॅमेरा फारसा हलवत नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायला दोन वर्षांत शहर शिकले होते, तो आता त्या विश्वासाची किंमत मोजतो आहे, हे आपल्याला दिसते. कारण घरी जा असे सांगणारा आवाज सरकारचाही असतो. तोच शब्द आपल्या माणसाने उच्चारला तर तो सांत्वन ठरतो की शरणागती? चित्रपट विचारत नाही. पण चीडलच्या चेहऱ्यावर तो प्रश्न आहे.

यानंतरचा भाग मला खटकतो. ह्यूजची महत्त्वाकांक्षा ग्रीनला जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'पर्यंत नेते. ग्रीन मंचावर येतो, समोरच्या गोऱ्या प्रेक्षकांकडे पाहतो आणि कार्यक्रम न करताच निघून जातो. मैत्री तुटते. नाट्य म्हणून हे जमले आहे. प्रत्यक्षात मात्र ग्रीन कार्सनच्या त्या मंचावर कधी आलाच नाही. पटकथाकाराने घटना रचण्याला माझी हरकत नाही. रचलेल्या घटनेचा रोख कुठे आहे, हे मात्र विचारले पाहिजे. राष्ट्रीय दूरचित्रवाणी हे शिखर, आणि आपल्या शहरात राहणे म्हणजे शिखर चुकणे, असे तो प्रसंग गृहीत धरतो. ते ह्यूजचे मोजमाप आहे. ग्रीनचा 'पीटी ग्रीन्स वॉशिंग्टन' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९७६ ते १९८२ पर्यंत चालला, स्थानिक एमी पुरस्कार मिळवून गेला. त्याच्या नावातच शहर आहे.

आणि कॅथी ह्यूज? १९८० मध्ये 'डब्ल्यूओएल' विकत घेतले ते ड्युई आणि कॅथी या जोडप्याने. लग्न मोडल्यावर केंद्र तिने राखले, कर्जापायी मुलासह केंद्रातच मुक्काम केला, गाण्यांऐवजी चर्चेचे कार्यक्रम आणले, पुढे त्यातून 'रेडिओ वन' ही मोठी कंपनी उभी केली. ग्रीनने मोकळी केलेली बोलण्याची जागा व्यवहारात टिकवली ती या बाईने. चित्रपटात तिचा मागमूस नाही. एका स्त्रीने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात हे घडावे, याचे आश्चर्य वाटते. असो, घराण्याच्या बखरीत सोडून गेलेल्या सुनेचे पान सहसा कोरेच असते.

ग्रीन १० जानेवारी १९८४ रोजी कर्करोगाने गेला, वयाच्या ५२व्या वर्षी. कडाक्याच्या थंडीत हजारो लोक अंत्यदर्शनाला रांगेत उभे होते.

त्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातला एक तुकडा आज इंटरनेटवर सहज सापडतो. विषय: कलिंगड कसे खावे. कृष्णवर्णीय माणूस आणि कलिंगड ही जोडी अमेरिकेत दीर्घकाळ हेटाळणीच्या चित्रांतून मिरवली गेली. म्हणून चारचौघांत कलिंगड खायला लाजणारी माणसे त्याच्या श्रोत्यांत होती. ग्रीन कॅमेऱ्यासमोर बसून काटेचमचे न वापरता, हातांनी, मनसोक्त कलिंगड खातो आणि खाता खाता बोलत राहतो. चीडलने त्याला उत्तम उभे केले आहे. पण रस हनुवटीवरून ओघळत असताना वाक्य मध्येच सोडून पुन्हा फोडीत तोंड घालणारा हा माणूस, आणि त्या घासापुरती पसरणारी शांतता, त्या तुकड्यातच आहे.