शब्दवेध : प्यूरीन

शब्दांची मुळे खणणारे वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले. आज धुळ्या-जळगावच्या लॅबच्या रिपोर्टवर ‘यूरिक ॲसिड’ वाढलेले दिसले, की डॉक्टर ‘प्यूरीन’वाले पदार्थ कमी करा म्हणतात. हा शब्द खणण्याजोगा आहे.

एमिल फिशर या जर्मन रसायनज्ञाने तो १८८४ मध्ये घडवला. लॅटिन ‘पुरुम’ म्हणजे शुद्ध, त्याला जोडले ‘युरिकुम’, म्हणजे यूरिक ॲसिड. गंमत अशी, की नुसता प्यूरीन त्याने प्रयोगशाळेत बनवला १८९८ मध्ये. बारसे आधी, बाळ मागाहून!

भावंडांची नावे याहून रांगडी. ग्वानिन सापडले ग्वानोत, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतात. ॲडेनिन कोसेल या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये बैलाच्या स्वादुपिंडातून काढले. ग्रीक ‘आडेन’ म्हणजे ग्रंथी.

सांगाडा सगळ्यांचा एकच: सहा अणूंच्या कड्याला चिकटलेले पाच अणूंचे कडे. फरक पडतो तो कुठल्या क्रमांकावर काय लागले याने. ग्वानिनच्या सहाव्या जागी ऑक्सिजन, दुसऱ्या जागी अमिनो गट. त्यांची अदलाबदल केली की आयसोग्वानिन. ते जमालगोट्याच्या बियांत साखरेला जोडलेले सापडते. दोन्ही जागी अमिनो गट असले, तर डायअमिनोप्यूरीन. एका विषाणूच्या डीएनएत ॲडेनिनच्या जागी हेच बसलेले १९७७ मध्ये आढळले.

आणि याच कुळातल्या झँथिनला, म्हणजे ग्रीकमधल्या ‘पिवळ्या’ला, तीन मिथाइल गट लागले की होते चहातले कॅफिन.