धाव की रबर? काळ्या मातीतल्या चाकाचा हिशेब

समजा, तुम्ही यवतमाळात राहता, नवी थार घेतली आहे आणि ऑल-टेरेन टायर टाकायचे की साधे हायवेचे, यावर घरात वाद चालू आहे. गाडी वर्षभर धावणार नागपूर-तुळजापूर महामार्गावर, नाहीतर पांढरकवड्याकडे ४४ नंबरच्या हायवेवर. शेताच्या पांदणीत उतरणार महिन्यातून फार तर दोनदा. मग टायर तीनशे चाळीस दिवसांसाठी घ्यायचा, की उरलेल्या पंचवीस दिवसांसाठी? माझं संशोधन चाकं आणि रस्त्यांच्या इतिहासावर आहे, म्हणून सांगते: या जिल्ह्यात हा प्रश्न निदान शंभर वर्षं जुना आहे. फक्त तेव्हा तो बंडीच्या चाकाबद्दल विचारला जायचा.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पण ती गेली बडनेरा-पुलगाव-वर्ध्यावरून. यवतमाळ बाजूलाच राहिलं. (जिल्ह्याचं नाव तेव्हा वणी होतं, यवतमाळ झालं १९०५ मध्ये.) इथला कापूस धामणगाव स्टेशनावर न्यायचा म्हणजे पन्नासेक किलोमीटर बंडी हाकायची. त्या वाटेवर खडीचा पक्का रस्ता झाला. आणि पक्का रस्ता झाला की चाकाचं भांडण सुरू होतं.

बंडीचं चाक लाकडी, त्यावर लोखंडी पट्टी, म्हणजे धाव. ती बसवण्याची रीत मला आजही थक्क करते. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहानच करतो, मग गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो. चाकाचा व्यास सव्वा मीटरच्या आत-बाहेर असला तर परीघ पावणेचार मीटरच्या आसपास येतो. तापमान पाचशे अंशांनी वाढलं की तेवढं लोखंड जवळजवळ सव्वादोन सेंटीमीटरनं लांबतं. तेवढ्या वेळात धाव चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, आरे आणि पाटे एकमेकांत घट्ट बसतात. खिळ्यांवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली, तर चाक पाण्यात भिजत घालायचं. दुरुस्ती गावातच, रोखीशिवायही व्हायची.

आता हेच चाक रस्त्यावर ठेवा. भरलेली बंडी आठशे किलोची धरली, तर एका चाकावर चारशे किलो. धाव पाच सेंटीमीटर रुंद, आणि कडक रस्त्यावर ती टेकते जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीवर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला चाळीस किलो. मोटारीच्या टायरखाली हा दाब साधारण सव्वादोन किलो असतो, मालट्रकच्या टायरखाली सातच्या आसपास. तुमचा विश्वास बसणार नाही, पण रस्त्याच्या त्या ठिपक्यापुरतं बोलायचं तर बंडी ट्रकपेक्षा जड होती! खडी फुटायची, चाकोऱ्या पडायच्या, आणि त्यात पाणी साचलं की रस्ता गेलाच.

इंजिनिअर वैतागले यात नवल नाही. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि लोखंडी धावेच्या गाड्या हा तिथला नेहमीचा विषय झाला. धाव रुंद करा, रबरी टायर लावा, नाहीतर गाड्यांसाठी दगडी किंवा काँक्रीटच्या दोन वेगळ्या पट्ट्या टाका, असे उपाय निघाले. हवेचा टायर डनलॉपनं १८८८ मध्येच पेटंट केला होता. पक्क्या रस्त्यावर तीच बैलजोडी रबरी चाकांवर कितीतरी जास्त ओझं ओढते, हेही खरं होतं.

तरी शेतकऱ्यानं धाव सोडायला फार वेळ लावला. याला 'मागासलेपणा' म्हणणारे मला पटत नाहीत. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि गोंदासारखं चिकटतं. जुलैत त्या चिखलात अरुंद, उंच चाक वरचा थर कापून खालच्या घट्ट थराला टेकतं. रबरी चाक बहुधा बुटकं असतं. ते अर्धवट रुततं आणि अंगाभोवती मातीचा लगदा गुंडाळून घेतं. शिवाय पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभळी. काट्यानं टायर पंक्चर झाला तर पंपवाला कुठे शोधायचा? १९४३ ची रस्त्यांची योजना तर नागपुरातच ठरली. तिचं उद्दिष्ट होतं की, शेती विकसित असलेल्या भागात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावं. पण ते पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर काळी मातीच की! बैल मोडायचे ते तिथे, डांबरावर नाही. शेतकऱ्यानं चाक सगळ्यात वाईट तुकड्यासाठी निवडलं, कारण तिथे अडकल्याची किंमत त्याची होती. डांबराचं नुकसान सरकारच्या खात्यात जात होतं.

तुमच्या थारमध्ये हा हिशेब उलटतो. ऑल-टेरेन टायरची किंमत रोज तुम्हीच मोजता: टायर जड, डिझेल थोडं जास्त, आवाज जास्त, ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी बहुधा जरा उशिरा थांबते. आणि ज्या चिखलासाठी ते घेता, तिथे त्यांच्या खाचा पाच-सात फेऱ्यांत भरून गुळगुळीत होतात. मग राहतो तो फक्त महागडा गुळगुळीत टायर. खाचा आपोआप साफ व्हायला त्या बऱ्याच रुंद लागतात, म्हणजे मड-टेरेन टायर, आणि तो हायवेवर आणखी त्रासदायक. ऑल-टेरेनचा खरा उपयोग मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटेवर: दगडाचे घाव तो जास्त सोसतो. तुमचं शेत पुसद-उमरखेडकडच्या डोंगराळ भागात असेल तर जरूर घ्या. वणी-मारेगावकडच्या काळ्या सपाटीत असेल, तर साधे हायवेचे टायर, डिकीत हवा भरायचा छोटा पंप, आणि कोरड्या पण मऊ वाटेवर हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवायची. डांबरावर परत चढण्याआधी ती पुन्हा भरायची, हे मात्र विसरू नका. जुलैत गाडी डांबरावरच लावून पांदणीत पायी जा, नाहीतर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसा.