पुएब्लो: शब्दाचे अर्थ आणि जमिनीचे निवाडे

स्पॅनिश शिकणाऱ्याला ‘पुएब्लो’ हा शब्द अगदी सुरुवातीला भेटतो आणि सोपा वाटतो: गाव, आणि त्या गावातली माणसे. मराठी माणसाला यात नवल नाही. ‘सगळे गाव लोटले’ म्हणताना आपणही घरांविषयी बोलत नसतो. पण अमेरिकेच्या नैऋत्य भागात या शब्दाला आणखी दोन अर्थ चिकटले. न्यू मेक्सिकोत तो मूळ रहिवाशांच्या समाजांचे नाव झाला आणि कॅलिफोर्नियात वसाहतवाल्यांच्या शहराचा हक्क. हे दोन्ही अर्थ पक्के झाले ते जमिनीच्या आणि पाण्याच्या खटल्यांत, त्यामुळे ते समजून घ्यायचे तर कोशापेक्षा निकालपत्रे अधिक उपयोगी पडतात.

स्पॅनिशांना रिओ ग्रांदेच्या काठी मातीच्या मजली घरांत राहणारे, मका पिकवणारे लोक दिसले आणि त्यांनी सगळ्यांना एकच नाव दिले. प्रत्यक्षात झुनी, केरेस आणि तानोअन या भाषांचे एकमेकींशी नाते नाही. 1680 साली ओके ओविंगे या पुएब्लोतल्या पोपे नावाच्या माणसाच्या पुढाकाराने या गावांनी एकजूट करून स्पॅनिशांना हुसकावले आणि बारा वर्षे परत येऊ दिले नाही. परक्याने दिलेल्या नावाखालची ही एकी मात्र त्यांची स्वतःची होती. पुढे प्रत्येक पुएब्लोला चर्चपासून चारी दिशांना एकेक लीग, म्हणजे साधारण 17 हजार एकर जमीन, असा हिशेब रूढ झाला. मेक्सिकोशी झालेल्या 1848 च्या तहाने हा मुलूख अमेरिकेकडे आला तेव्हा नवा पेच पडला: हे लोक ‘टोळी’ की ‘गाव’? ताओस पुएब्लोच्या जमिनीवर बसलेल्या जोसेफ नावाच्या माणसाकडून सरकारने 1,000 डॉलर दंड मागितला. 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. हे लोक शांत, कष्टाळू, प्रामाणिक, जमिनीचे पूर्ण मालक. तेव्हा टोळ्यांसाठीचा कायदा त्यांना लागू नाही! स्तुती पदरात पडली आणि संरक्षण गेले. पुढच्या दशकांत बाहेरचे लोक त्या जमिनींत घुसत राहिले. 1913 च्या सांदोवाल खटल्यात त्याच न्यायालयाने उलटा सूर लावला. आता हेच लोक भोळे आणि पालकत्वाची गरज असलेले ठरले. माणसे तीच होती. घुसखोरीच्या दाव्यांचा निवाडा करण्यासाठी 1924 मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

कॅलिफोर्नियात याच शब्दाचे नशीब वेगळे निघाले. 1781 मध्ये अकरा कुटुंबांनी वसवलेले लॉस एंजेलिस हे पुएब्लो होते, म्हणून नदीच्या पाण्यावर गावाचा पहिला हक्क, असा दावा शहराने एकोणिसाव्या शतकाअखेरीस न्यायालयात मान्य करून घेतला. गाव वाढेल तसा हक्कही वाढणार होता. सान फर्नांडो खोऱ्यातल्या भूजलाच्या वादात खालच्या न्यायालयाने हा हक्क फेटाळला, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये तो पुन्हा उचलून धरला.

यावर कोणी म्हणेल, शब्दाला कशाला दोष द्यायचा? ज्याच्या हाती सत्ता, त्याने हवा तो अर्थ काढला. शब्द दुसरा असता तरी हेच झाले असते. आक्षेपात दम आहे. वाढत्या शहराला पाणी हवे होते आणि न्यू मेक्सिकोतल्या नव्या मालकांना जमीन, हे कोणी नाकारणार नाही. पण निव्वळ सत्तेने सगळे उलगडत नाही. न्यू मेक्सिकोतले लास वेगास हेही वसाहतवाल्यांचेच गाव. कॅलिफोर्नियाच्या निकालांवर बोट ठेवून त्याने 1958 मध्ये तोच पाण्याचा हक्क मिळवला आणि 2004 मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गमावला, कारण वापराविना वाढत जाणारा हक्क तिथल्या पाणीकायद्यात बसत नाही असे ठरले. शहराचा स्वार्थ दोन्ही वेळी सारखाच होता. बदलला तो न्यायालयाने मान्य केलेला अर्थ. सत्ता अर्थ वाकवते हे खरे, पण एकदा निकालात उतरलेला अर्थ पुढे स्वतःच्या जोरावर चालतो आणि तो मोडायलाही निकालच लागतो. ओके ओविंगेने मात्र न्यायालयाची वाट पाहिली नाही. 2005 मध्ये त्या समाजाने ‘सान हुआन पुएब्लो’ हे स्पॅनिश नाव अधिकृतपणे टाकून आपले जुने नाव परत घेतले.