भिंतीवरच्या पेटीचे कुळ

विजेची मोटार घेण्याचा विचार सिंगापुरातील एखाद्या कुटुंबाच्या मनात आला, तर मोटारीच्या रंगरूपाआधी त्याला एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: ती रात्री कोठे उभी राहील, आणि त्या जागेच्या भिंतीवर चार्जरची पेटी बसविण्याचा अधिकार कोणाचा? पुण्या-नाशिकच्या स्वतंत्र बंगल्यात हा प्रश्न बहुधा विश्वासातल्या वायरमनला बोलावून सुटतो. परंतु त्या बेटावरचे सुमारे चार पंचमांश रहिवासी गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, बांधलेल्या इमारतींत राहतात, उरलेल्यांपैकी बरेचसे खासगी संकुलांतील सदनिकांत राहतात, आणि ज्यांच्या दारात स्वतःचे अंगण आहे अशी घरे फारच थोडी आहेत. म्हणून घरचा चार्जर ही वस्तू खासगी मानावी की सार्वजनिक, याचा निवाडा तिथे आधी करावा लागतो. त्या पेटीचे कुळ धुंडाळीत मागे गेले म्हणजे ध्यानात येते, की वरून निव्वळ खासगी दिसणारी ही वस्तू आरंभापासून सामायिक विजेचीच लेक आहे.

सिंगापूरच्या रस्त्यांवर विजेचे वाहन पेट्रोलच्या मोटारींची गर्दी होण्यापूर्वीच अवतरले. 25 जुलै 1905 रोजी तेथे विजेची ट्राम सुरू झाली. आपल्या मुंबईत ती 1907 च्या मे महिन्यात धावू लागली. ट्राम कंपनीने मॅकेन्झी रोडवर स्वतःचे वीजघर उभारले होते, आणि 1906 साली नगरपालिकेने रस्त्यांवरच्या दिवाबत्तीसाठी वीज घेतली ती याच कंपनीकडून. म्हणजे त्या नगरीच्या रस्त्यांवर वीज प्रथम वाहनासाठी आली आणि दिव्यांना ती वाहनाच्या शिलकीतून मिळाली. नगरपालिकेचे स्वतःचे पहिले वीजघर, बंदराजवळचे सेंट जेम्स, 1927 साली सुरू झाले. त्याच वर्षी ट्राम बंद पडली. आदल्या वर्षापासून तिची जागा घेऊ लागलेल्या ट्रॉलीबसगाड्या डोक्यावरच्या दोन तारांतून वीज घेत 1962 च्या अखेरपर्यंत धावत राहिल्या. योगायोग असा, की त्याच 1962 साली मुंबईने ट्रॉलीबसचा प्रयोग आरंभिला. सेंट जेम्सच्या विटांच्या इमारतीत आज डायसन कंपनीचे मुख्यालय आहे; याच कंपनीने सिंगापुरात विजेची मोटार बनविण्याचा संकल्प 2018 साली जाहीर केला आणि वर्षभराने तो सोडून दिला.

तारेच्या बंधनातून मुक्त व्हायचे तर वीज सोबत वाहून न्यावी लागते. गॅस्टन प्लाँते याने 1859 साली पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी सिद्ध केली आणि 1881 साली कामीय फोर याने तिच्यात अशी सुधारणा केली की ती व्यवहारात वापरण्याजोगी झाली. पण इथे एक अडचण दत्त म्हणून उभी राहिली. बॅटरीला हवा एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह, आणि नगरोनगरीच्या तारांतून येऊ लागला होता क्षणाक्षणाला दिशा पालटणारा एसी. या दोहोंची सांगड घालणारे उपकरण पीटर कूपर हेविट या अमेरिकन संशोधकाने 1902 साली दिले. हवा काढून घेतलेल्या काचेच्या मोठ्या फुग्यात तळाशी पारा, वर धातूचे दोन अग्र, आणि चालू होताच पाऱ्याच्या वाफेतून पसरणारा निळा-जांभळा उजेड, असे त्याचे रूप होते. 1910 नंतरच्या दशकात अमेरिकेतील सधन कुटुंबे असे यंत्र मोटारखान्यात बसवून घेत आणि रात्रभर मोटार त्याला जोडून ठेवीत. भिंतीवरच्या आजच्या पेटीची खरी पूर्वज तीच. परंतु 1912 साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, पेट्रोलचे इंजिन हँडल मारल्यावाचून सुरू होऊ लागले, आणि विजेच्या मोटारीबरोबर हे यंत्रही घराघरांतून नाहीसे झाले.

पुढे 1990 साली कॅलिफोर्नियाने धूर न सोडणाऱ्या मोटारींचा दंडक घातला, 1996 साली जनरल मोटर्सची ईव्ही-1 आली, आणि तिच्याबरोबर ग्राहकाच्या घरी बसविण्याचा चार्जरही आला. मात्र त्याची जोडणी होती चपट्या फळीसारखी, जी दुसऱ्या पद्धतीची जोडणी असलेल्या मोटारीला चालणार नाही अशी. पेटी घरात आली खरी, पण तिची भाषा सर्वांना समजेना. हा पेच सोडविला जर्मनीतील मेनेकेस कंपनीने 2009 साली मांडलेल्या सात पिनांच्या प्लगने. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात त्याला ‘टाइप 2’ हे स्थान मिळाले, आणि फ्रान्स-इटलीने पुरस्कारलेल्या दुसऱ्या प्लगशी झालेल्या चढाओढीत 2013 साली युरोपीय आयोगाने कौल दिला तोही यालाच.

हा प्लग क्षणभर हाती घेऊन पाहावा. सातांपैकी तीन पिना तीन फेजसाठी, एक न्यूट्रलसाठी, मधली जाड पीन अर्थिंगसाठी. आणि वरच्या दोन बारीक पिना केवळ निरोपासाठी. पेटी एका बारीक पिनेतून 12 व्होल्टचा संकेत पाठवीत असते. प्लग मोटारीत शिरताच तो 9 व्होल्टवर उतरतो, आणि पेटी त्याला सेकंदाला हजार ठोक्यांची लय देऊन प्रत्येक ठोका किती वेळ टिकतो यावरून कळविते की एवढे अँपियर देण्याची माझी ऐपत आहे: पाव भागाहून थोडा अधिक टिकला तर 16, निम्म्याहून थोडा अधिक टिकला तर 32. मोटारीची तयारी झाली म्हणजे संकेत 6 व्होल्टवर येतो, आणि तेव्हाच पेटीतील काँटॅक्टर ‘टक्’ असा आवाज करून वीज सोडतो. ऐपत जाहीर केल्याखेरीज देणे नाही आणि तयारी कळविल्याखेरीज घेणे नाही, हा नियम या पेटीच्या हाडीमांसी खिळलेला आहे.

सिंगापुरात प्रत्येक घरी ब्रिटिश वळणाचा तीन चौकोनी पिनांचा 13 अँपियरचा प्लग आहे. त्यावर तासन्‌तास जड भार ठेवणे हितावह नाही; पिना तापतात. म्हणूनच स्वतंत्र पेटीची गरज भासली. 2010 साली चार्जरविषयीचे पहिले तांत्रिक मानक, टीआर 25, तेथे निघाले, 2011 पासून सरकारने विजेच्या मोटारींची चाचणी हाती घेतली, आणि 2016 च्या सुधारणेने एसीसाठी टाइप 2 व डीसीसाठी त्याचाच विस्तारित अवतार सीसीएस 2 हे देशाचे प्लग ठरले. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटांची नेक्सॉनही हेच प्लग स्वीकारते, हे मराठी वाचकाला ठाऊक असावे. नोव्हेंबर 2022 मध्ये संसदेने विद्युत् वाहन चार्जिंग कायदा संमत केला व 8 डिसेंबर 2023 पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्यानुसार भू-परिवहन प्राधिकरणाची मंजुरी नसलेला चार्जर विकता येत नाही, आणि नोंदणी केल्यावाचून तो वापरताही येत नाही.

हा इतिहास मनात ठेवला म्हणजे निवड सोपी होते. ज्याला स्वतःचे अंगण आहे त्याने प्रथम परवानाधारक विद्युत्-तंत्रज्ञाकडून घराच्या पुरवठ्याची खातरजमा करून घ्यावी. एका फेजवर 32 अँपियरची पेटी 7.4 किलोवॉट देते, तीन फेज असतील तर 11 किंवा 22 किलोवॉटची पेटी बसविता येते. पण सुमारे 50 किलोमीटर लांबीच्या त्या बेटावर दिवसाला 50 किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला साधारण 8 युनिट लागतात आणि ते 7.4 किलोवॉटची पेटी तासाभराहून थोड्या अधिक वेळात भरून देते, तेव्हा मोठ्या आकड्याचा मोह धरण्याचे कारण नाही. त्याहून महत्त्वाच्या बाबी वेगळ्याच: पेटीसाठी विजेच्या फलकापासून स्वतंत्र वायर व स्वतंत्र एमसीबी; 30 मिलिअँपियरची गळती ओळखणारी आरसीडी, आणि तिच्या जोडीला 6 मिलिअँपियरची डीसी गळती ओळखण्याची सोय, कारण अशा गळतीने साधी आरसीडी आंधळी होते; आणि ज्या देशात वर्षातील दीडशेहून अधिक दिवस मेघगर्जनेचे असतात तिथे निर्दोष अर्थिंग व पाऊस न शिरणारे आवरण.

संकुलात राहणाऱ्याचा मार्ग सभासदांच्या सभेतून जातो. चार्जरच्या दीर्घ मुदतीच्या करारासाठी व्यवस्थापन मंडळाला पूर्वी साध्या बहुमताहून मोठे बहुमत लागे. नव्या कायद्याने निम्म्याहून अधिक मतांचा साधा ठराव पुरेसा केला, आणि 2021 साली सरकारने ठरावीक मर्यादेत निम्मा खर्च उचलण्याची योजनाही आणली. नव्या इमारतींनी किमान 1 टक्का जागांवर चार्जर बसवावे आणि 15 टक्के जागांना पुरेल एवढी वीजव्यवस्था आधीच करून ठेवावी, अशी तरतूद आहे. एचडीबीच्या रहिवाशाला वाहनतळाच्या भिंतीवर स्वतःची पेटी लावता येत नाही. त्याच्यासाठी 2022 साली स्थापन झालेल्या ‘ईव्हीई’ (EVe) या सरकारी कंपनीने सुमारे 2,000 वाहनतळांवर सामायिक चार्जर बसविण्याचे काम अंगावर घेतले. 2024 साली नोंदलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेच्या होत्या, यात या व्यवस्थेचा वाटा लहान नाही.

आपल्या मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत आज याच पेटीवरून वाद होतात. एक सभासद हक्क सांगतो, दुसरा आगीची भीती घालतो, आणि ‘ना हरकत’ पत्र दप्तरात पडून राहते. माझे प्रांजळ मत असे, की प्रत्येकाने आपापली वायर ओढण्याची परवानगी मागत बसण्यापेक्षा सोसायटीने इमारतीच्या एकूण भाराचे मोजमाप करून घ्यावे, सर्वांना पुरेल अशी एकच वाहिनी वाहनतळात आणावी, आणि कोणाची मोटार किती अँपियर घेईल हे वाटून देणारी यंत्रणा बसवावी. ट्रामच्या तारेपासून ही वीज सर्वांची म्हणूनच आली आहे, तेव्हा तिची वाटणीही सर्वांनी मिळून ठरवावी. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला असावा.